पत्नी श्रद्धाळू आहे, मी नाही. जळगावहून रविवारी दोघांनाही आवडेल अशा कोणत्या ठिकाणी जावे?

आपण लिहिले आहे की लग्नाला वर्ष होत आले, दोघेही नोकरी करता आणि हाती रविवार तेवढा उरतो; त्या रविवारी पत्नीला देवदर्शनाला जायचे असते आणि आपल्याला डोंगर, पाणी, मोकळी हवा हवी असते. माझ्या मते खान्देशात हा ठिकाणाचा प्रश्नच नव्हे. आपल्याकडे धबधबा आहे तिथे मनुदेवी आहे, जंगल आहे तिथे पाटणादेवी आहे, कमळांचे तळे आहे तिथे पद्मालयाचा गणपती आहे, गरम पाण्याचा झरा आहे तिथे उनपदेव आहे आणि दोन नद्या मिळतात तिथे चांगदेवाचे देऊळ आहे. देव टाळून सहल काढायची म्हटली तर मेहरूणच्या तलावापलीकडे जाता येणार नाही, आणि तिथेही गणेश घाट आहेच.

तेव्हा जागा कोणतीही निवडली तरी अडचण येणार आहे ती देवळाच्या पायरीपाशी. पत्नी आत जाईल. आपण काय करणार? या प्रश्नावर माझे मत पक्के आहे आणि ते आमच्या नात्यागोत्यात पुष्कळांना खटकते. आपण बाहेर बसावे. तोंड पाडून नव्हे, घड्याळाकडे पाहत नव्हे आणि मोबाईलमध्ये डोके खुपसूनही नव्हे. चांगली सावली पाहून, पाय पसरून, निवांत बसावे.

माझा देवावर राग नाही आणि देव आहे की नाही या वादात मला रसही नाही. हात जोडताना आपण खोटे वागत आहोत असे मला वाटते, म्हणून मी जोडत नाही, इतकेच. पत्नी पतपेढीत काम करते, चतुर्थी धरते, शनिवारी मारुतीला तेल घालते आणि नवरात्रात अनवाणी चालते. लग्न ठरण्याआधी आमचे यावर मोकळेपणाने बोलणे झाले होते आणि तिचे म्हणणे एवढेच होते की मला अडवू नका. मी कधी अडवले नाही. तक्रार तिची कधी नव्हतीच. ती आमच्या थोरल्या साडूंची होती, ज्यांना सगळे नाना म्हणतात.

एका वर्षी श्रावणातली संकष्टी रविवारी आली आणि नानांनी पद्मालयाचा बेत ठरवला. गाडी त्यांची, अभिषेकाची पावती त्यांची, आणि कोणी कुठे बसायचे हेही त्यांनीच ठरवलेले. एरंडोलवरून पद्मालय साधारण 10 किलोमीटर. पावसाळ्यात तो रस्ता फार सुंदर असतो. दोन्ही बाजूंना कपाशी आणि मक्याची शेते लागतात, पुढे टेकड्या आणि झाडी सुरू होते. देवळात एकाच गाभाऱ्यात दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या सोंडेचा, आणि समोर कमळांनी भरलेले तळे. जवळच भीमकुंड आहे. बकासुराला भीमाने तिथे मारले अशी कथा सांगतात, एरंडोल हीच महाभारतातली एकचक्रानगरी असे मानतात आणि गावात पांडववाडाही दाखवतात. म्हणजे माझ्यासारख्या माणसाला पाहण्यासारखे आणि ऐकण्यासारखे तिथे भरपूर आहे. फक्त ते चतुर्थीच्या गर्दीत पाहता येत नाही.

मी नेहमीप्रमाणे चपलांची राखण करत झाडाखाली बसलो. नानांची धाकटी मुलगी गाडीतच झोपली होती, ती माझ्या मांडीवर आली. शेजारी एक बाई दूर्वा आणि कमळे विकत होती. मिटलेल्या कळ्या कोणी घेत नाही, म्हणून ती प्रत्येक कळीच्या बाहेरच्या पाकळ्या अंगठ्याने एकेक करून मागे वळवत होती आणि वरून पाण्याचा हबका मारत होती; बघता बघता कळीचे फूल होई आणि लगेच विकले जाई. तिचा हात इतका सफाईने चालत होता की मला तिथून उठावेसेच वाटेना. गिऱ्हाइक नसले की ती मुलीवर बसणाऱ्या माशा तिच्या पदराने हाकलत होती. देवळात जाऊन याहून अधिक पुण्य मला मिळाले असते असे मला वाटत नाही, पण ते असो.

तेवढ्यात नाना सोवळे नेसलेले, उघड्या अंगाने, पायऱ्या उतरून आले आणि दहा माणसांसमोर म्हणाले, “अहो, उठा. गुरुजी खोळंबले आहेत. संकल्प जोडीने सोडायचा असतो.”

“नाना, तुम्ही दोघे बसा. हिचा अभिषेक ही करेल.”

“एकट्या सवाष्णीने बसायचे? तुम्ही धडधाकट असताना? लोक काय समजतील?”

मी म्हणालो की लोकांना मुलगी झोपलेली दिसते आहे. यावर नानांनी आवाज चढवला. जो नवरा बायकोबरोबर देवापुढे बसत नाही, त्याने लग्नात सप्तपदी तरी कशाला केली, असे ते बोलून गेले. रांगेतले लोक वळून पाहू लागले. इतक्यात आतून गुरुजीच बाहेर आले, उपरण्याला हात पुसत. त्यांनी नानांकडे पाहिले नाही, मला विचारले, “गोत्र काय आपले?” मी सांगितले. “नाव?” तेही सांगितले. “झाले. बाई बसतील,” असे म्हणून ते आत गेले. ज्या माणसाचा तो रोजचा व्यवसाय आहे त्याला जे चालले, ते नानांना चालले नाही, आणि आजही चालत नाही.

आत काय घडले ते मला नंतर पत्नीकडून कळले. नानांचे कृषी केंद्र आहे, आणि श्रावण म्हणजे खतांच्या मागणीचे दिवस. अभिषेक चालू असताना त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो पाटावर बसल्याबसल्या घेतला आणि युरियाची गाडी कुठे उतरवायची ते हमालाला सांगितले. अथर्वशीर्षाची आवर्तने चालू, संततधार चालू आणि युरियाही चालू. त्यानंतर त्यांनी गुरुजींना जरा लवकर उरकायला सांगितले, कारण दुपारी दुकान उघडायचे होते. माझ्या मेहुणीला, म्हणजे ताईंना, तळ्याकाठी थोडे थांबायचे होते, नारळ स्वतःच्या हाताने वाढवायचा होता. तो नानांनी घाईघाईत पोऱ्याच्या हाती दिला.

परतीच्या वाटेवर एरंडोलला चहा झाला आणि चहापासून थेट पाळधी येईपर्यंत नानांचे प्रवचन चालले. त्यांचे मुद्दे थोडक्यात असे होते की नवरा सोबत नसेल तर पत्नीच्या पूजेचे फळ निम्मेच मिळते. उद्या मुलेबाळे झाली की ती बापाचे पाहून बिघडतात. आणि विश्वास नसेल तर माणसाने देवळाच्या आवारात यावेच कशाला. मी गप्प होतो, कारण गाडी त्यांची होती. पाळधीजवळ पत्नी मागच्या सीटवरून म्हणाली, “नाना, हे बाहेर निवांत बसतात म्हणून मला आत घाई होत नाही. ताईला विचारा, तुमच्याबरोबर आली की तिचा एक तरी पाठ पुरा होतो का.” ताई एकदम हसल्या. माझ्या नास्तिकपणाने नानांना जितके लागले नव्हते तितके त्या हसण्याने लागले.

आपल्या प्रश्नाचे माझ्या दृष्टीने जे उत्तर आहे ते या वाक्यात आहे, म्हणून इतके लांबण लावले. श्रद्धाळू माणसाला देवळात सोबत्याच्या हजेरीपेक्षा वेळ हवा असतो. मागे कोणीतरी चुळबुळ करत, “झाले का?” असे डोळ्यांनी विचारत उभा असेल, तर त्याने जोडलेले हात आत जाऊन काही उपयोगाचे नाहीत. बाहेर मनापासून बसलेला नवरा परवडला. आणि ज्यांना जोडीने बसण्याचे इतके अगत्य आहे, त्यांनी निदान फोन चपलांबरोबर बाहेर ठेवावा.

नानांना मी तेव्हा विचारू शकलो नाही, पण विचारायला हवे असा दुसरा प्रश्न उलट बाजूचा आहे. मला लेण्यांचे वेड आहे. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेले की पितळखोऱ्याची लेणी येतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचे ते बौद्ध लेणे आहे; बऱ्याच पायऱ्या उतरून दरीत जावे लागते आणि खाली दगडात कोरलेल्या हत्तींची रांग समोर येते. पत्नीला लेण्यात गोडी नाही. ती वरच थांबते, सोबत आणलेली मासिके वाचते, पायऱ्यांनी दमून वर येणाऱ्या म्हाताऱ्यांना पाणी देते. ती खाली उतरत नाही म्हणून तिला नवऱ्याबद्दल आदर नाही, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. देवाच्या पायरीवर थांबलेला पुरुष मात्र लगेच गुन्हेगार ठरतो. हा हिशेब मला कधी पटला नाही.

त्याच बाजूला, डोंगराच्या खाली, पाटणादेवी आहे आणि आपण दोघांनी एकदा तरी पूर्ण दिवस काढून तिथे जावे असे मी आवर्जून सांगेन. देऊळ जुन्या दगडी बांधणीचे, उंच जोत्यावर. तिन्ही बाजूंना डोंगर आणि सभोवार गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे जंगल, ज्याला 1986 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. आपल्यासारख्या माणसाला तिथे आणखी एक आकर्षण आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला होता आणि त्याचा शिलालेख पाटण गावात सापडला. तो तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा आहे. आमच्या नानांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी “हो का?” म्हटले आणि प्रसादाची रांग कुठे लागते ते विचारले. जळगावहून चाळीसगावपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे रिक्षा करणे सोयीचे पडते. दुचाकीने तेवढे अंतर जाऊन त्याच दिवशी परत यायचे म्हणजे सोमवारी दोघांपैकी एकाची रजा पडते.

दुसरा चांगदेव, म्हणजे योगी चांगदेव, मुक्ताईनगरच्या बाजूला भेटतो. तापी आणि पूर्णेच्या संगमावर त्याचे प्राचीन देऊळ आहे आणि पलीकडे मेहूणला व कोथळीला मुक्ताई आहे. चौदाशे वर्षांचा म्हणून प्रसिद्ध असलेला योगी आणि त्याला उपदेश करणारी वयाने लहानशी मुक्ताई, ही कथा आपण दोघांनी संगमाकडे बघत एकमेकांना सांगावी. विश्वास ठेवणाऱ्याला तिच्यात भक्ती सापडते आणि न ठेवणाऱ्याला वयाचा आणि सिद्धीचा तोरा उतरवणारी मुलगी सापडते. हतनूर धरणाचे पाणी मागे पसरलेले असल्याने तिथे नदी चांगली रुंद आहे; हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात. माझा तिथला वेळ पक्ष्यांत जातो, पत्नीचा मुक्ताईपाशी, आणि दुपारचा डबा आम्ही एकत्र उघडतो.

अमळनेरबद्दल लोक आपल्याला मंगळग्रहाच्या देवळाचे नाव सांगतील. तिथे मंगळवारी जी झुंबड असते ती रविवारी तितकी नसते. पत्नी तिथे असेल तोवर आपण गावातल्या तत्त्वज्ञान मंदिराची इमारत बाहेरून का होईना पाहून यावी. 1916 मध्ये प्रताप शेठजींनी ती संस्था उभी केली आणि साने गुरुजी तिथे शिकायला आले होते. एकाच गावात पत्रिकेतला मंगळ शांत करण्याची सोय आहे आणि तत्त्वचिंतनाचीही. आपल्यासारख्या जोडप्यासाठी याहून सोयीचे गाव मला माहीत नाही.

मनुदेवीला पावसाळ्यातच जावे. धबधबा भरलेला असतो, सातपुडा हिरवा असतो. मात्र दगड शेवाळलेले असतात आणि सेल्फीच्या नादात लोक पडतात, तेव्हा पाण्याखाली जाण्याचा हट्ट आपण करू नये. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. उनपदेव हिवाळ्यात बरे. एप्रिल आणि मे महिन्यांत कुठेही जाऊ नका. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना ना भक्ती सुचते ना निसर्ग. सकाळी घरच्या घरी आरती करावी आणि दुपारी कूलरपुढे आमरस खाऊन झोपावे.

आणि कोणी म्हणेल की सहल म्हणजे देवच का? हिवाळ्यात कोणाच्या तरी मळ्यात भरीताचा बेत ठरवावा. हिरवी-पांढरी भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी भांड्यात ठेचायची आणि सोबत कळण्याची भाकरी. तिथे श्रद्धाळू आणि नास्तिक असा भेद उरत नाही; फक्त तिखट खाणारे आणि न खाणारे असे दोनच पंथ उरतात. त्या दिवशी वार उपवासाचा नाही ना, हे मात्र पत्नीला आधी विचारून घ्यावे.

माझे सगळे म्हणणे सरसकट लागू करू नका, हेही सांगतो. रविवारचे दर्शन निराळे आणि घरचे कुळाचार निराळे. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा भाऊबंद जमतात, रोट होतात, आणि ते रोट घरच्याच माणसांनी खायचे असतात. त्या दिवशी मी बाहेर झाडाखाली बसत नाही. पाट मांडतो, पाणी भरतो, दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत चालतो. तो आईचा आणि भाऊबंदकीचा मान आहे, आणि तिथे स्वतःचे तत्त्वज्ञान काढणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. नाना यावर “मग पद्मालयानेच काय घोडे मारले?” असे विचारतात. पद्मालयाला मी नसल्याने कोणाचे काही अडत नाही, कानबाईला अडते. मला हा फरक पुरेसा आहे.

शिवाय आपल्या पत्नीचा स्वभाव मला माहीत नाही. तिला स्वतःला आपण शेजारी हवे असाल, आणि ते ती तिच्या तोंडाने सांगत असेल, तर माझे बाहेर बसण्याचे शास्त्र गुंडाळून ठेवा आणि आत जा. हात जोडा किंवा जोडू नका, पण तिच्या वेळेने उभे राहा. मात्र ते ती सांगत असेल तरच. सासू, नणंद, मेहुणे, साडू यांपैकी कोणी तिच्या वतीने सांगत असेल, तर तिलाच एकदा नीट विचारा, आणि शक्यतो ते लोक समोर नसताना विचारा. त्यासाठी एक व्यावहारिक सूचना अशी की, पहिली काही दर्शने दोघांनीच, आपल्या दुचाकीवर किंवा एसटीने करावीत. दुसऱ्याच्या गाडीत बसले की दर्शनाची वेळ, चहाचा थांबा आणि श्रद्धेचे प्रमाण, तिन्ही गोष्टी गाडीवाला ठरवतो.

एकच ठिकाण सांगा असा आग्रह असेल तर या रविवारी पद्मालयाला जा. सकाळी सातला निघालात तर ऊन चढायच्या आत पोहोचाल; तिचे दर्शन होईपर्यंत आपण तळ्याकाठी बसा, मग दोघे मिळून भीमकुंडाकडे चालत जा, आणि निघण्यापूर्वी कालनिर्णयात चतुर्थी नाही ना, एवढे पाहून घ्या.